नेम कशावर टिकतो?

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या किंवा अर्धांगवायूतून वाचलेल्या माणसापेक्षा प्रकृती सांभाळण्याचं सबळ कारण दुसऱ्या कोणाकडे असणार? मरण दारापर्यंत येऊन परतलेलं असतं, डॉक्टरांनी बजावलेलं असतं, घरचे डोळ्यांत तेल घालून बघत असतात. तरीही भारतासह १७ देशांतल्या अशा साडेसात हजार माणसांची पाहणी ‘प्युअर’ या अभ्यासात झाली आणि २०१३ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा चित्र वेगळंच दिसलं. साडेअठरा टक्के लोक अजूनही धूम्रपान करत होते. भरपूर हालचाल करणारे होते पस्तीस टक्के, आहार बऱ्यापैकी नीट असणारे एकोणचाळीस टक्के. या तिन्ही गोष्टी सांभाळणारे शंभरात चारच निघाले आणि एकही न सांभाळणारे चौदा. पाहणीच्या वेळी त्या दुखण्याला साधारण चार-पाच वर्षं होऊन गेली होती, हा तपशील मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. भीती खोटी नव्हती. पहिल्या सहा महिन्यांत तिनं अनेकांना पहाटे उठवलंही असेल. पण भीतीला आयुष्य असतं आणि ते आपल्या आयुष्यापेक्षा बरंच तोकडं असतं. छातीत दुखलं नाही, तपासणीचे आकडे बरे आले, की ती ओसरते; आणि ती ओसरणं हे मन ठिकाणावर असल्याचंच लक्षण आहे, कारण रोज मरणाच्या धाकात कोणी जगू शकत नाही. म्हणून ‘आरोग्यासाठी टिकाऊ प्रेरणा कुठून आणायची’ या प्रश्नाचं उत्तर आणखी मोठी भीती किंवा आणखी जळजळीत उपदेश हे असूच शकत नाही.

माहितीचा तुटवडा हेही कारण नाही. २०१८च्या सुमारास मराठी घरांत, लग्नाच्या पंगतीत आणि कार्यालयांच्या डब्यांभोवती ‘दिवेकर की दीक्षित’ हा वाद रंगला होता. ऋजुता दिवेकर दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं खायला सांगत होत्या, डॉ. जगन्नाथ दीक्षित डॉ. श्रीकांत जिचकारांच्या मांडणीवरून दिवसातून दोनदाच जेवायला सांगत होते. इन्शुलिन हा शब्द इतका घरगुती याआधी कधीच झाला नसेल. दोन्ही पक्षांचे अनुयायी वर्षभरानंतर कुठे होते, हा प्रश्न मात्र त्या वादात कोणाला फारसा पडला नाही. खरं तर मोजायला हवं होतं ते तेच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडिॲब’ पाहणीनं २०२३ साली देशात १० कोटी १० लाख मधुमेही आणि त्याच्या उंबरठ्यावरचे १३ कोटी ६० लाख असल्याचा अंदाज दिला. एवढ्या लोकांना साखर कमी खावी हे ठाऊक नव्हतं, असं कोण म्हणेल?

बहुतेकांची गाडी अडते ती ध्येयाच्या निवडीपाशी. आरोग्य म्हणजे वजन आणि वजन म्हणजे काट्यावरचा आकडा, असं समीकरण आपण बसवून टाकलं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या समीकरणाला फार पूर्वीच सुरुंग लावला. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचं आणि जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचं एक छायाचित्र छापून आलं. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही बरोबर २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२. आपल्याकडचा सडपातळ माणूस आतून स्थूल असू शकतो, हे त्या एका चित्रानं जगाला सांगितलं. याची दुसरी बाजू चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूनं दाखवली. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ लोकांवरच्या त्यांच्या प्रयोगाचे निष्कर्ष २००६ साली आले. नुसता नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपैकी तीन वर्षांत ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. रोज अर्धा तास भरभर चालणं आणि बेताचा आहार यांचा पाठपुरावा ज्यांच्याकडून करून घेतला, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्क्यांवर आलं. आणि या मंडळींचं वजन म्हणावं तसं घटलंच नव्हतं! ज्यानं काट्याच्या आकड्यावर जीव टांगला असता, तो ‘काही उपयोग नाही’ म्हणून चालणं सोडून बसला असता, आणि ते नेमकं चालण्याचा उपयोग होत असताना.

मग बक्षीस लावलं तर? पावलं मोजणारं घड्याळ, ॲपवरची पदकं, कार्यालयातल्या स्पर्धा हे सगळं त्याच कल्पनेवर उभं आहे. तिची मोठी कसोटी २०२१ साली ‘नेचर’मध्ये छापून आली. अमेरिकेतल्या एका व्यायामशाळा-साखळीच्या ६१ हजारांहून अधिक सभासदांवर केटी मिल्कमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार-चार आठवड्यांच्या ५४ वेगवेगळ्या युक्त्या एकाच वेळी वापरून पाहिल्या. स्मरणपत्रं, गुण, थोडेफार पैसे, तऱ्हेतऱ्हेचे संदेश. त्यातल्या जवळजवळ निम्म्या युक्त्यांनी त्या चार आठवड्यांत लोकांच्या फेऱ्या वाढवल्या, काहींनी तर पाव पटीहून जास्त. चार आठवडे संपले आणि मोजता येईल असा परिणाम शंभरात आठच युक्त्यांचा उरला. बक्षीसवादी यावर म्हणतील, की निदान सुरुवात तरी झाली ना? हे म्हणणं मी मोडीत काढणार नाही. जो कधीच व्यायामशाळेत गेला नाही त्याला उंबरठा ओलांडायला लावण्यापुरता पैसा कामाचा आहे, असं दाखवणारे प्रयोग आहेतच. पण जे काम माणूस आपणहून करत होता त्यालाच बक्षीस लावलं तर उलटंही होतं. १९७३ साली मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी चित्रं काढण्याची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांना चित्र काढल्यास प्रशस्तिपत्रक देण्याचं कबूल केलं आणि दिलंही. पुढे एक-दोन आठवड्यांनी, बक्षिसाचं नाव नसताना, ती मुलं इतर मुलांच्या निम्म्यानंच रंगांकडे वळली. मैदानावर आपणहून धावणाऱ्या मुलाला ‘दहा चकरा मारल्यास तर मोबाइल देईन’ म्हणणाऱ्या पालकांनी हा प्रयोग जरूर लक्षात ठेवावा.

भीती, माहिती, आकडा, बक्षीस या चारही गोष्टींत एक उणीव सारखी आहे. त्या करण्याच्या बाहेर असतात. चालणं हा खर्च आणि आरोग्य ही कमाई, तीही पंधरा वर्षांनी हाती येणारी, असा हा हिशेब; आणि एवढ्या लांबच्या हुंडीवर रोज पहाटेची झोप मोडायला माणूस सहसा राजी होत नाही. केटलिन वूली आणि आयलेट फिशबाक यांनी २०१७ साली नव्या वर्षाचे संकल्प करणाऱ्यांकडे याच नजरेनं पाहिलं. संकल्प का केला, असं विचारलं तर लोक लांबच्या फायद्यांकडे बोट दाखवत. पण संकल्प टिकला कोणाचा, तर ज्यांना ती गोष्ट करताना मजा येत होती त्यांचा. फायदा किती मोठा वाटतो, यावरून टिकण्याचा अंदाज बांधता येईना. आजचा आनंद आज मिळाला तर उद्याचं आरोग्य आपसूक पदरात पडतं, असा याचा अर्थ.

आपल्याकडे याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण दरवर्षी आषाढात रस्त्यावर दिसतं. आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. एरवी कोपऱ्यावरच्या दुकानात जायला स्कूटर काढणारे लोकही त्या वाटेनं पायी जातात, उन्हापावसात, रोज पंधरा-वीस किलोमीटर, आणि हृदयासाठी चाललोय असं त्यांतलं कोणी म्हणत नाही. चालण्यातच अभंग आहे, टाळ आहे, रिंगणाचा खेळ आहे, मुक्कामाचा चहा आहे. दिंडीत जागा ठरलेली असते. कोणी दिसलं नाही तर मागचा-पुढचा विचारपूस करतो. निघण्याची तिथी कोणाच्या लहरीवर नसते. आता यावर कोणी म्हणेल, की वारी श्रद्धेची गोष्ट आहे, वर्षातून एकदाची आहे, आणि साखर वाढली म्हणून डॉक्टर काही श्रद्धा लिहून देऊ शकत नाहीत. बरोबर आहे. शिवाय सगळेच वारकरी उरलेलं वर्षभर प्रकृती सांभाळतात असंही नाही. वारीचा दाखला इथे एवढ्यापुरताच घ्यायचा: ठरलेली वेळ, ठरलेली सोबत आणि त्या कृतीतच असलेला आनंद ही माणसांना चालवणारी तीन बळं आहेत आणि त्यांपैकी एकालाही अलौकिक मनोनिग्रह लागत नाही. पर्वतीच्या पायऱ्या वर्षानुवर्षं चढणाऱ्या पुणेकरांना विचारलं तर पायऱ्यांपेक्षा वरच्या गप्पांबद्दलच जास्त ऐकायला मिळेल.

मनोनिग्रहाचा पक्ष घेणारे इथे थांबवतील. शिस्त म्हणून काही असतं की नाही? असतं, पण तिच्या नावावर आपण वाजवीपेक्षा जास्त श्रेय जमा करतो. व्यायाम आणि हृदयविकार यांचा संबंध दाखवणारा पहिला मोठा आधुनिक अभ्यास ज्यांच्यावर झाला, त्यांना व्यायामाची प्रेरणा मुळीच नव्हती. जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरच्या चालक आणि वाहकांची तुलना करून १९५३ साली निष्कर्ष छापले. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा तिकिटं फाडत जिना चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी आणि सौम्य होता. वाहकांनी कसलाही संकल्प सोडला नव्हता. जिना चढणं ही त्यांची नोकरी होती. या अभ्यासावरचा सर्वांत चोख आक्षेप खुद्द मॉरिस यांच्याच चमूनं १९५६ साली पुढे आणला. त्यांनी गणवेशाच्या नोंदींतून कंबरेची मापं काढली, तेव्हा चालक तरुण वयोगटातही वाहकांपेक्षा जाड निघाले. म्हणजे फरकाचा काही भाग जिन्याआधीचा असू शकतो. मुळात कोण चालक होतं आणि कोण वाहक, इथपासूनच निवड होत असावी. मॉरिस पुढे सरकारी कचेऱ्यांतल्या बैठ्या नोकरदारांकडे वळले आणि मोकळ्या वेळात दमदार व्यायाम करणाऱ्यांना हृदयविकार कमी होतो, हे तिथेही आढळलं. स्वतः मॉरिस वयाच्या नव्व्याण्णवाव्या वर्षी, २००९ साली वारले. एका माणसाच्या दीर्घायुष्यानं काही सिद्ध होत नाही, पण आपल्या संशोधनावर त्यांचा विश्वास होता आणि ते आयुष्यभर व्यायाम करत राहिले, एवढं नोंदवून ठेवावंसं वाटतं.

शिस्तप्रिय म्हणून आपण ज्याला ओळखतो त्या माणसाच्या दिनक्रमात खोलवर डोकावलं तर बहुतेकदा असा एखादा ‘जिना’ सापडतो: वाटेवरचं मैदान, वाट पाहणारा सोबती, दाराशी काढून ठेवलेले बूट. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांना रोजच्या एखाद्या ठरलेल्या प्रसंगाला जोडून, म्हणजे न्याहारीनंतर किंवा जेवणाआधी, एक नवी गोष्ट करायला सांगितली आणि ती अंगवळणी पडायला किती दिवस लागतात ते मोजलं. मध्यम अंदाज ६६ दिवसांचा आला, पण तो आकडा मिरवण्यासारखा नाही. कारण कोणाला १८ दिवस पुरले तर कोणाला २५४ लागतील असं दिसत होतं. पाणी पिण्याची सवय लवकर लागते, उठाबशांची उशिरा. ‘एकवीस दिवसांत आयुष्य बदला’ अशा पुस्तकांना यानं परस्पर उत्तर मिळतं. त्याहून मोलाचा निष्कर्ष असा, की मधला एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात फारसा फरक पडत नव्हता. आणि मिल्कमन यांच्या त्या चोपन्न युक्त्यांत सर्वांत सरस कोणती ठरली? खाडा पडल्यानंतर परत येणाऱ्याला किरकोळ रक्कम देणारी. आपली नेमाची कल्पना नेमकी याच्या उलट असते. एक दिवस मोडला की व्रत मोडलं, आता पुढच्या एक तारखेपासून, आणि तोवर जिलेबी. खंड पडणार हे गृहीत धरून आखलेला नेम लेचापेचा नसतो. ताप, परीक्षा, पाहुणे, गणपती-दिवाळी हे सगळं त्यात आधीच मोजलेलं असतं.

आता उदाहरण घालून देण्याबद्दल. ‘मुलांसाठी तरी सुधारा’ हे वाक्य आपल्याकडे फार खर्ची पडतं आणि त्यात अर्धं सत्य आहे. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम इथे चार ते सात वर्षांच्या सुमारे शंभर मुलांच्या आणि त्यांच्या आईवडिलांच्या हालचाली यंत्र बांधून मोजल्या गेल्या; निष्कर्ष १९९१ साली आले. आई चळवळी असेल तर मूल तसं असण्याची शक्यता दुप्पट, वडील असतील तर साडेतीन पट, आणि दोघंही असतील तर जवळजवळ सहा पट. मुलं थोडी होती, आणि एका घरात राहणाऱ्यांचं रक्त, अंगण आणि ऐपतही एकच असते, त्यामुळे सगळं श्रेय उदाहरणाला देता येणार नाही. अशीच सावधगिरी त्याच गावच्या आणखी गाजलेल्या अभ्यासाबाबत बाळगावी लागते. निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर यांनी १२ हजार लोकांच्या बत्तीस वर्षांच्या नोंदी चाळून २००७ साली म्हटलं, की मित्र लठ्ठ झाला तर आपण लठ्ठ होण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढते. लगेच पुढच्या वर्षी दुसऱ्या दोन संशोधकांनी तशाच पद्धतीनं मुरुमं, डोकेदुखी आणि चक्क उंचीसुद्धा मित्राकडून ‘लागते’ असं दाखवून त्यातली हवा बरीच काढली. सारखी माणसं एकत्र येतात, हे एकमेकांना घडवण्याइतकंच खरं आहे. तरी सोबत निवडता येते, आणि निवडलेली सोबत पुढे आपल्याला धरून ठेवते, एवढं या वादातून शिल्लक उरतं.

उदाहरणाचा परिणाम थेट तपासणारा एक छोटा प्रयोग मला जास्त पटतो. एरिका फ्रँक यांच्या २०००च्या अभ्यासात दवाखान्यातल्या रुग्णांना आहार-व्यायामाचा सल्ला देणाऱ्या एका डॉक्टरची दोन चित्रणं दाखवली. एकात डॉक्टर अर्धा मिनिट स्वतःच्या खाण्या-व्यायामाबद्दल बोलते आणि टेबलावर सायकलचं शिरस्त्राण आणि सफरचंद दिसतं. दुसऱ्यात हे काही नाही. पहिली डॉक्टर पाहणाऱ्यांना अधिक विश्वासार्ह आणि उभारी देणारी वाटली. सल्ला तोच, फक्त तो देणारीनं आधी स्वतःवर लागू केलेला. औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी हे आपल्याकडचं या जातीचं उदाहरण. तरुणपणी सँडो या गाजलेल्या शरीरसौष्ठवपटूच्या पद्धतीनं व्यायाम करणारे हे राजे पुढे सूर्यनमस्कारांकडे वळले, ते कायमचे. त्यांनी संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले, पुस्तकं लिहिली, आणि मुख्य म्हणजे उतारवयापर्यंत स्वतः रोज घातले. राणीसाहेब आणि मुलंही घालत. हुकूम शाळेच्या फाटकापर्यंतच चालतो. त्याच्या पलीकडे सूर्यनमस्कार महाराष्ट्रभर गेले त्यात राजाच्या अधिकारापेक्षा त्याच्या घामाचा वाटा मोठा होता, असं माझं मत आहे. मात्र मुलांपुढे आदर्श ठेवायचा म्हणूनच कोणी तोंड वाकडं करून कारल्याचा रस पीत असेल, तर मुलं कारलं शिकत नाहीत, तोंड वाकडं करणं शिकतात. उदाहरण मुद्दाम हेतू ठेवून घालून देता येत नाही. आपल्याला खरोखर रुचलेल्या गोष्टीचाच तो उपपरिणाम असतो.

या सगळ्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप अजून राहिलाच आहे. वेळ कोणाकडे आहे? जागा कुठे आहे? शेतावर खुरपणाऱ्या किंवा डोक्यावर हंडे वाहणाऱ्या बाईला व्यायामाचं महत्त्व सांगणं हा आचरटपणा आहे. तिला विसावा आणि पोटभर सकस जेवण हवं. शहरातल्या मध्यमवर्गीय बाईचं दुखणं वेगळं. ती दिवसभर पायांवर असते, पण ओट्याशी उभं राहणं म्हणजे भरभर चालणं नव्हे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यानुसार पुरेशी हालचाल न करणारे प्रौढ भारतात जवळजवळ निम्मे आहेत, आणि स्त्रियांत हे प्रमाण पुरुषांपेक्षा बरंच जास्त, ५७ विरुद्ध ४२ टक्के. का, याचं उत्तर सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर पाहणीत आहे: घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला २९९ मिनिटं घालवतात, घरकाम करणारे पुरुष ९७. या दोनशे मिनिटांच्या फरकाला प्रेरणेचा अभाव म्हणणं हा शुद्ध अन्याय आहे. चेन्नईच्याच चमूनं मोबाइलवर संदेश पाठवून मधुमेह लांबवण्याचा एक चांगला प्रयोग केला. दोन वर्षांत संदेश मिळणाऱ्यांपैकी १८ टक्क्यांना मधुमेह झाला, न मिळणाऱ्यांपैकी २७ टक्क्यांना. पण त्यातले ५३७ जण सगळे नोकरदार पुरुष होते. त्यांच्या खिशात संदेश वाजल्यावर चालायला निघण्याएवढी मोकळीक होती. तोच संदेश सकाळी सात वाजता, एका शेगडीवर कुकर आणि दुसरीवर पोळ्या चालू असताना आला तर तो वाचला जाईल एवढंच. अशा घरात बायकोला चालण्याचे फायदे ऐकवणाऱ्या नवऱ्यानं आधी त्या वेळेच्या पोळ्या अंगावर घ्याव्यात. आणि दोघं बाहेर पडलीच, तर पायाखाली पदपथ हवा, त्यावर उभ्या केलेल्या मोटारी नकोत, दिवे लागलेले हवेत. ते कोणाच्या मनोनिग्रहानं होत नाही. त्यासाठी नगरसेवकाकडे जावं लागतं, आणि एकदा जाऊन भागत नाही.